चाउ वेन-चुंग कोण होते? त्यांचं संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी?

चीनमधल्या यानताईत जन्मलेले चिनी-अमेरिकन संगीतरचनाकार (१९२३–२०१९). १९४६ साली अमेरिकेत आले ते येल विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकायला. पण ती शिष्यवृत्ती सोडून त्यांनी बोस्टनमध्ये संगीताचं शिक्षण धरलं. १९४९ मध्ये न्यूयॉर्कला फ्रेंच-अमेरिकन संगीतरचनाकार एडगार व्हारेझ यांचे शिष्य झाले. गुरूंची अपुरी राहिलेली 'नॉक्टर्नल' ही रचना पुढे त्यांनीच पुरी केली.

सुरुवात 'लँडस्केप्स'पासून करा (१९४९, पहिला प्रयोग १९५३, सॅन फ्रान्सिस्को, वाद्यवृंद संचालक स्टोकोव्स्की). चिनी लोकधुना ओळखू येतात, त्यामुळे सोपी जाते. मग 'यू को' (१९६५). इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण ते चाल शोधत बसतात. मूळ रचना छिन या चिनी तंतुवाद्याची. त्यात एकच स्वर छेडून, घासून, कंप देऊन रंगवतात, आणि हे सगळं चाउंनी नऊ वादकांच्या पाश्चात्त्य वाद्यमेळात उतरवलं. मींड ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना ते लवकर उमगावं. हेडफोन लावा, स्वर विरतानाचा भाग साध्या स्पीकरवर हरवतो.

कोलंबिया विद्यापीठात तान दुन, चेन यी, झोउ लाँग, ब्राइट शेंग हे संगीतरचनाकार त्यांचे विद्यार्थी. माझ्या मते ही कामगिरी त्यांच्या रचनांइतकीच मोठी.