‘करार झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: युरोपीय संघाच्या व्यापार करारांच्या बातम्या मराठीत आणताना ‘कन्क्लूड’साठी ‘करार झाला’ लिहावं का? आणि ‘मिक्स्ड अ‍ॅग्रीमेंट’ला ‘मिश्र करार’ म्हणावं की ‘संयुक्त करार’?

आधी ‘कन्क्लूड’चं कर्म बघा, कारण घोळ तिथेच होतो. वाटाघाटी कन्क्लूड झाल्या असतील, तर ‘वाटाघाटी पूर्ण झाल्या’ एवढंच लिहायचं. तेव्हा हाती असतो तो फक्त मसुदा. करार कन्क्लूड झाला असेल, तर गोष्ट फार पुढची आहे. संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या तहातल्या कलम 218 नुसार ही संघाच्या बाजूची अखेरची मोहोर असते. मंत्र्यांची परिषद ती उमटवते, आणि व्यापार करारांत तरी त्याआधी युरोपीय संसदेची संमती लागतेच. इथे ‘करार संघाने अंतिमतः स्वीकारला’ हे मला सर्वांत बिनधोक वाटतं. ‘संपन्न झाला’ नको: ते हिंदीतून आलंय आणि कुठली पायरी ते सांगतच नाही. ‘समाप्त झाला’ तर उलटाच अर्थ देतं.

या दोन टोकांच्या मध्ये किती काय घडू शकतं, हे कॅनडाबरोबरच्या ‘सेटा’ करारात दिसतं. वाटाघाटी पूर्ण झाल्याचं 2014 मध्ये जाहीर झालं. त्यानंतर विधिज्ञांनी मसुदा कलमवार तपासायचा, तो संघाच्या सर्व अधिकृत भाषांत न्यायचा, असा क्रम असतो. ही कारकुनी पायरी मानली जाते, पण सेटाच्या वेळी याच टप्प्यात गुंतवणूकदारांच्या तंट्यांचा भाग बदलला आणि खाजगी लवादाऐवजी कायमस्वरूपी न्यायाधिकरणाची व्यवस्था आली. 2014 सालीच ‘करार झाला’ असं छापलं असेल, तर ते ज्या मजकुराबद्दल छापलं तो मजकूर पुढे तसा राहिलाच नाही. मग बेल्जियममधल्या वालोनिया प्रांताने अडवून धरलं, आणि स्वाक्षरी झाली 30 ऑक्टोबर 2016 रोजी. संसदेची संमती आली फेब्रुवारी 2017 मध्ये.

स्वाक्षरीनंतरही करार कोसळतो. बनावट मालाविरुद्धच्या ‘अ‍ॅक्टा’वर संघाने जानेवारी 2012 मध्ये टोकियोत सही केली, आणि त्याच वर्षी 4 जुलैला युरोपीय संसदेने तो 478 विरुद्ध 39 मतांनी फेटाळला. संसद मजकुरात स्वल्पविरामही बदलू शकत नाही. होय किंवा नाही, एवढंच म्हणू शकते. म्हणून तिच्यासाठी ‘मंजुरी’पेक्षा ‘संमती’ नेमका.

सेटा 21 सप्टेंबर 2017 पासून ‘तात्पुरता लागू’ आहे. याला ‘तात्पुरता करार’ लिहू नका, करार कायमचाच असतो. तात्पुरती असते ती अंमलबजावणी. तीही बहुधा पूर्ण कराराची नसते: सेटाचे गुंतवणूकदार विरुद्ध सरकार अशा तंट्यांचे नियम तीतून वगळले आहेत. दक्षिण कोरियाबरोबरचा करार 1 जुलै 2011 पासून असाच तात्पुरता लागू होता, विधिवत अमलात आला 13 डिसेंबर 2015 ला. या काळात जकात कमी होतच होती, त्यामुळे ‘अद्याप लागू नाही’ हेही चूक ठरलं असतं.

आता ‘मिश्र’. माझं मत ‘मिश्र’लाच. ‘संयुक्त’ म्हटलं की सगळ्यांनी मिळून एक पक्ष उभा केला असं वाटतं. इथे संघ एक पक्ष, शिवाय प्रत्येक सदस्य राष्ट्र स्वतःच्या नावाने वेगळा पक्ष. करारातले काही विषय संघाच्या अनन्य अधिकारातले, काही राष्ट्रांच्या अधिकारालाही हात घालणारे, म्हणून हे मिश्रण. ‘अनुसमर्थन’ (रॅटिफिकेशन, म्हणजे सही केलेल्या कराराला राष्ट्राने दिलेला अंतिम दुजोरा) हा शब्द या राष्ट्रांसाठी राखून ठेवा: प्रत्येक राष्ट्र आपापल्या राज्यघटनेप्रमाणे ते करतं, आणि बेल्जियमसारख्या ठिकाणी प्रांतिक विधिमंडळंही त्यात येतात.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 253 नुसार आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि तमिळनाडूनेही सही करायची, हा प्रकार आपल्याकडे उद्भवतच नाही.

कोणता विषय कोणाचा, याचा वाद न्यायालयात जातो. सिंगापूर कराराबाबत युरोपीय न्यायालयाने 16 मे 2017 च्या अभिमतात (क्रमांक 2/15) सांगितलं की जवळजवळ सगळा करार संघाच्या एकट्याच्या अधिकारात आहे; अपवाद मुख्यतः दोन: थेट नसलेली, म्हणजे समभाग-रोख्यांतली गुंतवणूक, आणि गुंतवणूकदार विरुद्ध सरकार असे तंटे. त्यानंतर सिंगापूर कराराचे दोन तुकडे केले गेले. व्यापाराचा तुकडा संघाने एकट्याने स्वीकारला आणि तो 21 नोव्हेंबर 2019 ला अमलात आला. गुंतवणूक-संरक्षणाचा तुकडा मिश्र ठेवून राष्ट्रांच्या अनुसमर्थनासाठी पाठवला. व्हिएतनामबाबतही अशीच विभागणी झाली. भारताबरोबर 2007 ला सुरू होऊन 2013 ला थांबलेली बोलणी 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही व्यापार, गुंतवणूक-संरक्षण आणि भौगोलिक मानांकन अशा तीन वेगळ्या करारांसाठी. त्यामुळे ‘भारत-युरोप करार’ असं मोघम न लिहिता तीनपैकी कोणता, ते मथळ्यातच यावं.

जाता जाता एक: ‘युरोपीय परिषद’ हे नाव राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेसाठी ठेवा. कलम 218 मधले निर्णय मंत्र्यांची परिषद घेते. आणि स्ट्रासबर्गची ‘कौन्सिल ऑफ युरोप’ ही संघाबाहेरची, निराळीच संघटना आहे. तिचं नाव देवनागरीत जसंच्या तसं लिहिलेलं बरं.