पश्चिमेकडच्या सागवानी दाराला कोणता स्टेन लावावा आणि त्यावर कोणतं पॉलिश?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातल्या घराचं सागवानी दार पश्चिमेला आहे, दोन उन्हाळ्यांत पॉलिशचे पापुद्रे सुटले, खालचा हातभर भाग काळा पडला आणि मिस्त्री म्हणतो लाकूडच हलकं आहे. मिस्त्रीला आधी विचारा, पॉलिश कोणतं मारलं होतं? आमच्या दाराचं अगदी असंच झालं होतं. लाकूड माझ्या वडिलांनी लकडगंजच्या लाकूडबाजारात स्वतः पारखून घेतलेलं, पण कपाटांसाठी आणलेलं मेलामाइनच दारावरही मारलं गेलं. मेलामाइन घरातल्या फर्निचरसाठी असतं. बाहेरच्या उन्हात ते तडकतं. लाखेचं फ्रेंच पॉलिशही बाहेर नको, पाणी लागलं की पांढरं पडतं.

आपल्याकडे दाराचा खरा शत्रू ऊन आहे, पावसाचा नंबर त्यानंतर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेचं दार दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत भाजत राहतं. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं. पॉलिश पारदर्शक असलं की हे किरण थेट लाकडापर्यंत पोचतात. मग वरचा थर शाबूत दिसत असतानाच खालचं लाकूड भुसभुशीत होतं आणि पॉलिशला धरायला काही उरत नाही. पापुद्रे सुटतात ते यामुळे.

म्हणून स्टेन, म्हणजे पॉलिशच्या आधी लाकडाला द्यायचा रंग, रंगद्रव्याचा घ्या, कारण रंगद्रव्याचे कण ऊन अडवतात. नुसत्या विरघळणाऱ्या रंगाचा स्टेन सुंदर दिसतो, पण उन्हात उडून जातो. ओळखायला सोपं आहे: बरेच दिवस ठेवलेल्या डब्याच्या तळाशी गाळ बसला असेल तर त्यात रंगद्रव्य आहे. छटा मध्यम वॉलनटसारखी निवडा. फार फिकट छटेत कण कमी असतात आणि काळपट दार दुपारी जास्त तापतं. नमुना डब्यावरच्या चित्रावरून ठरवू नका. दाराच्या वरच्या कडेवर स्टेन लावून, त्यावर पॉलिश मारून, वाळल्यावर बघा.

पॉलिशसाठी माझं मत स्पष्ट आहे: बाहेरच्या कामाचं टू-के पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे बेस आणि हार्डनर वेगळे येतात ते. दुकानदाराला ‘ॲलिफॅटिक’ आहे का, हे विचारायला संकोच करू नका, कारण ॲरोमॅटिक पीयू उन्हात पिवळं पडतं. खाली सिलरही, म्हणजे लाकडाची छिद्रं भरणारा पहिला थर, त्याच पीयूचा हवा. पैसे वाचवायला मिस्त्री एनसी (नायट्रोसेल्युलोज) सिलर सुचवेल, त्याला ठाम नाही म्हणा.

जुनं पॉलिश पूर्ण काढा. सँडपेपर आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी १८०, आणि घासायचं लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. सागवानात मूळचं तेल असतं, म्हणून स्टेन लावण्याच्या थोडं आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. काळे डाग बहुधा ओल्या लाकडाला लोखंडाचे खिळे-कडी लागून पडतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने निघतात. हे ॲसिड विषारी आहे, हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा, मग दार साध्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या.

आणि दार बिजागरीवरून उतरवा, एवढं माझं ऐकाच. खालची कड कोणी रंगवत नाही, कारण ती दिसत नाही. पण लाकडाच्या उभ्या पट्ट्यांची उघडी टोकं तिथेच असतात आणि पावसाळ्यात पाणी तिथूनच वर चढतं. तुमचा खालचा हातभर भाग काळा पडला त्याचं कारण मला तिथेच दिसतं. त्या कडेला सिलर आणि पीयू दोन्ही भरपूर द्या. दाराशेजारच्या खिडकीत कूलर असेल तर त्याची गळती बंद करा, नाहीतर भर उन्हाळ्यातही दार ओलं राहील.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात दमट हवेने पॉलिश धुरकट होतं, आणि मेअखेरच्या नवतपाच्या उन्हात ते पसरण्याआधीच सुकतं, ब्रशचे माग राहतात.

पुढे दर दिवाळीत दार तिरप्या उजेडात बघा. चकाकी मंदावलेली दिसली की पापुद्रा सुटायची वाट न बघता ३२० नंबरने हलकं घासून पीयूचा एक कोट द्या. पाऊण दिवसाचं काम आहे.