मार डोक्याला, वाकडं झालं तोंड

प्रश्न : भाऊ (वय ३४) जिन्यावरून पडला. डोक्याला उजवीकडे मार लागला, कानातून रक्त आलं. तीन दिवस चेहरा नीट होता. चौथ्या दिवशी तोंड डावीकडे ओढलं गेलं, उजवा डोळा मिटेना. हा अर्धांगवायू आहे का? ऑपरेशन लागेल? विजेचा शेक (यंत्राने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके) द्यावा का?

उत्तर : त्यांना भुवया उचलायला सांगा. कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागातही आठ्या पडत नसतील, तर दोष मेंदूत नसून चेहऱ्याच्या नसेत (चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूत) असण्याची शक्यता जास्त. मात्र हातापायांत अशक्तपणा, वाढती गुंगी किंवा वारंवार उलट्या असतील तर हा खुलासा वाचत बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा.

ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. कानातून रक्त आलं म्हणजे ते हाड मोडलेलं असू शकतं. तुमच्या पत्रातला कळीचा शब्द ‘चौथ्या दिवशी’. पडताक्षणी चेहरा लुळा पडला तर नस तुटल्याची किंवा हाडाच्या कपचीखाली दबल्याची शंका येते. उशिरा पडला तर बहुधा बोगद्यातली सूज, आणि ती बहुतेकदा उतरते. म्हणून हा दिवस केसपेपरवर लिहून घ्या.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन होईल. नसेची विद्युत तपासणी लुळेपणा आल्यापासून ३ ते १४ दिवसांत करतात. त्याआधी केली तर फसगत होते, कारण तुटलेल्या नसेचं पुढचं टोकही दोन-तीन दिवस संदेश वाहतं. चांगल्या बाजूच्या तुलनेत ९० टक्क्यांहून जास्त नस निकामी दिसली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. सूज असेल तर स्टेरॉइड देतात, पण डोक्याच्या ताज्या जखमेत ते घातकही ठरू शकतं. घरातल्या जुन्या गोळ्या सुरू करू नका.

खरी घाई डोळ्याची. चेहरा सुधारायला वेळ लागला तरी चालेल, कोरडं पडलेलं बुबुळ थांबत नाही. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, मग पापणी पूर्ण मिटवून वरून चिकटपट्टी. पट्टीखाली पापणी उघडी राहिली तर पट्टीच बुबुळावर घासते. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

कानात तेल किंवा थेंब घालू नका. कानानाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. नाक शिंकरू न देता लगेच डॉक्टरांना कळवा.

विजेचा शेक आमच्या मते नको. फायद्याचा ठोस पुरावा नाही. जोर लावून तोंड वेडंवाकडं करण्याचे व्यायामही टाळा. हालचाल परतू लागली की आरशासमोर, हळू, एका वेळी एकच. तुटून जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे तिथे कित्येक महिने जातात. हसताना डोळा आपोआप मिटू लागला तर नसेचे तंतू चुकीच्या स्नायूकडे गेले असं समजा आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम बदलून घ्या.