डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची पदविका) करताना प्राथमिक शाळेतला शारीरिक शिक्षणाचा तास बघायचा आहे, निरीक्षणवहीत नेमकं काय लिहू? (सोलापूर)

बहुतेक वह्यांत 'प्रार्थना, कवायत, खो-खो, विसर्जन' एवढंच असतं. त्यातून शिकवणं कळत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी मुलं प्रत्यक्ष किती वेळ हलतात ते बघा. वर्गातली दोन मुलं निवडा, त्यातलं एक मागे-मागे राहणारं हवंच. घड्याळ लावून त्यांची धावण्याची, रांगेत थांबण्याची आणि नुसतं बसण्याची मिनिटं वेगवेगळी टिपा.

खो-खोचंच घ्या. पाठलाग करणारे नऊ आणि पळणारे तीन, म्हणजे एका वेळी मैदानात बाराच जण. त्या नवांतलेही आठ बसलेले. चाळीसच्या वर्गात उरलेली मुलं काय करतात? गुरुजींनी किंवा बाईंनी दुसरं मैदान आखलं का, की बाकीचे फक्त ओरडत होते? हे जरूर लिहा.

आपल्या सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलंही मराठी शाळेत असतात. लहान वर्गात लांबलचक सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, करून दाखवलं की लगेच पोचतं. सूचना किती आणि प्रात्यक्षिक किती, याकडे लक्ष ठेवा.

मार्चनंतर ऊन, सावली, पाण्याची सुट्टी यांचीही नोंद हवी.

तास संपल्यावर शिक्षकांना एखादा निर्णय तसा का घेतला ते नम्रपणे विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.