पूरक, रेचक आणि आखाजीची घागर

अमळनेरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या नव्या योगवर्गात शिक्षक श्वास आत घेताना ‘पूरक करा’ आणि बाहेर सोडताना ‘रेचक करा’ असे सांगतात. त्यांतला ‘रेचक’ हा शब्द सर्वांना एरंडेलामुळेच ठाऊक असल्याने वर्गात हशा पिकतो, तर हे दोन रेचक एकच की निराळे? शिवाय शेजारच्या आजी ‘सास घे, सास सोड’ असे म्हणतात, ते अशुद्ध मानावे काय?

शब्द एकच आहे. ‘रिच्’ या संस्कृत धातूचा अर्थ रिकामे करणे असा असून रिक्त, अतिरेक आणि आपला रोजचा ‘रिता’ हे सारे त्याच कुळातले आहेत. वैद्याच्या रेचकाने कोठा रिता होतो, योगातल्या रेचकाने छाती. हसू येणे स्वाभाविक असले तरी दोन्हीकडे क्रिया रिती करण्याचीच आहे.

‘पूरक’ या शब्दाची अडचण याहून सूक्ष्म आहे. पूरक आहार, शेतीला पूरक जोडधंदा अशा प्रयोगांमुळे ‘उणीव भरून काढणारे’ हा अर्थ आपल्या मनात पक्का बसलेला असतो आणि त्यामुळे पूरक म्हणजे मुख्य श्वासाला दिलेली काहीतरी जोड असावी, असे नवख्याला वाटते. येथे मात्र मूळचा, साधा ‘भरणे’ हाच अर्थ घ्यायचा आहे. तापीला येणारा पूर आणि खापरावरच्या मांड्यांत भरले जाणारे पुरण हे याच शब्दाचे सगेसोयरे आहेत. मांडे करणाऱ्या बाईला हे निराळे सांगायला नको की पुरण ठासून भरले तर मांडा फाटतो. पूरकही तसाच, सावकाश आणि पेलेल इतकाच करावा.

मग ‘श्वास घ्या, सोडा’ एवढ्याने भागत नाही का? वर्गात अवश्य भागते. पारिभाषिक शब्दांची गरज पडते ती ‘श्वास’ हा शब्द मराठीत दोन्ही क्रियांना चालतो म्हणून. पतंजलींच्या योगसूत्रांत (२.४९) प्राणायामाची व्याख्या श्वास आणि प्रश्वास यांच्या गतीचा विच्छेद अशी केली आहे आणि तिथे भाष्यकार श्वास म्हणजे आत घेणे, प्रश्वास म्हणजे बाहेर सोडणे, असा भेद करतात. मराठीत ही जोडी श्वास आणि उच्छ्वास अशी झाली. त्याच उच्छ्वासाचा घरगुती अवतार ‘उसासा’ होय. पण त्यात दुःख मिसळलेले असल्याने रेचकाला उसासा म्हणता येणार नाही.

तिसरा शब्द ‘कुंभक’. त्याचे भाषांतर ‘श्वास रोखणे’ असे सर्रास केले जाते, ते मला खटकते, कारण रोखण्यात जबरदस्ती आहे आणि कुंभ म्हणजे केवळ घडा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूजलेली भरली घागर जशी निश्चल असते, तशी पूरकानंतरची स्थिती म्हणजे आंतर कुंभक. रित्या घागरीसारखी, रेचकानंतरची स्थिती म्हणजे बाह्य कुंभक. घागर भरलेली असो वा रिती, तिला कोणी दाबून धरलेले नसते. ‘श्वास थांबवणे’ हा पर्याय मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. नवशिक्यांनी तर आरंभी कुंभक सोडूनच द्यावा. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटून डावीने पूरक, मग डावी मिटून उजवीने रेचक, पुन्हा उजवीनेच पूरक आणि डावीने रेचक, असे एक आवर्तन होते, आणि रेचक पूरकापेक्षा लांब ठेवला की पुरे. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कुंभकाच्या वाटेला जाऊ नये.

आता आजींचा ‘सास’. तो अशुद्ध मुळीच नाही. संस्कृतातला आरंभीचा ‘श्व’ प्राकृतात ‘स’ होतो. श्वश्रूची सासू आणि श्वशुराचा सासरा झाला, तसाच श्वासाचा सास. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ‘आला सास, गेला सास’ या ओळीत तोच आहे, आणि पूरक-रेचक या जोडीचा याहून सोपा मराठी पर्याय मला तरी आढळलेला नाही.