कोड लिहिता येत नसेल, तर सांबासारख्या प्रकल्पात डॉक्युमेंटेशन लिहून काही हातभार लागतो का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातलं फाइल शेअरिंग तुम्ही लिनक्सवर सांबा (विंडोजच्या पीसींना लिनक्स-युनिक्स सर्व्हरवरच्या फाइल्स वापरू देणारं मुक्त सॉफ्टवेअर) टाकून चालवता, सी भाषा येत नाही, आणि ‘नुसतं डॉक्युमेंटेशन’ करून उपयोग होईल का, झाला तर सुरुवात कुठून करावी.

होतो. आणि तो ‘नुसतं’ आधी काढून टाका, कारण सांबाची निम्मी लढाई कागदपत्रांसाठीच झाली आहे.

१९९१ च्या डिसेंबरात कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला डॉसच्या पीसीवरून युनिक्स सर्व्हरची डिस्क वापरायची होती. पीसी आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या एसएमबी प्रोटोकॉलची माहिती हाताशी नव्हती. त्यानं नेटवर्कवरची पाकिटं पकडणारा प्रोग्रॅम लिहिला आणि पीसी काय विचारतो, सर्व्हर काय सांगतो हे बघत बघत आपला सर्व्हर उभा केला. फ्रेंच न येणाऱ्यानं कॅफेत बसून शेजारच्या टेबलावरचं ऐकत भाषा शिकावी, तसं हे काम, ही उपमा त्याचीच. टीमनं कित्येक वर्षं असंच काम केलं. युरोपीय आयोगानं २००४ मध्ये विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टला या प्रोटोकॉलची माहिती खुली करायला सांगितलं, २००७ मध्ये न्यायालयानं ते उचलून धरलं, आणि त्याच डिसेंबरात एका ना-नफा संस्थेनं १०,००० युरो एकरकमी भरून सांबासाठी ती कागदपत्रं मिळवली. त्यांतही चुका निघाल्या. सांबाची मंडळी त्या कळवत गेली, तिकडे दुरुस्त्या होत गेल्या.

आता तुमच्या कामाचं. एसएमबी डॉट कॉन्फ (smb.conf) या सांबाच्या सेटिंग्जच्या फाइलमधल्या प्रत्येक पर्यायाची एक छोटी एक्सएमएल फाइल सोर्समध्येच असते: नाव, प्रकार, वर्णन, डीफॉल्ट. मॅन पेज, म्हणजे कमांडलाइनवर वाचता येणारं माहितीपान, या फाइल्समधून बनतं, आणि बिल्ड होताना, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवताना, कोडमधला पर्यायांचा तक्ताही यांच्यातूनच तयार होतो. कागदावरचा डीफॉल्ट आणि प्रोग्रॅममधला खरा डीफॉल्ट जुळतात का, हे बघायला वेगळी चाचणी आहे. मला या प्रकल्पातली सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

मी पुण्यातल्या एका छापखान्यातली कॉम्प्युटर सांभाळते. सांबा ४.११ वर गेल्यावर आमचा जुना स्कॅनर शेअर्ड फोल्डरमध्ये फाइल टाकेना. रात्री साडेनऊला मॅन पेज उघडलं, ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’चा (सर्व्हर स्वीकारतो ती प्रोटोकॉलची सगळ्यात जुनी आवृत्ती) डीफॉल्ट बघितला, तिथे एसएमबी२ होतं. २०१९ च्या त्या आवृत्तीपासून एसएमबी१ आपोआप बंद असतं आणि स्कॅनरला तेवढंच येत होतं. एसएमबी१ परत चालू करणं सोपं होतं, पण ते असुरक्षित म्हणून केलं नाही. स्कॅनरला एफटीपीवर, म्हणजे फाइल पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीवर, वळवलं. ती ओळ कुणीतरी नीट लिहून ठेवली होती म्हणून मी दहा वाजता घरी जाऊ शकले.

प्रत्यक्ष रीत अवघड नाही. गिटलॅब या कोडच्या साइटवर मर्ज रिक्वेस्ट (बदल आत घेण्याची विनंती) टाकायची, पॅचच्या, म्हणजे केलेल्या बदलाच्या, टिपणाखाली आपल्या नावानं ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही सहीची ओळ लिहायची. सांबा टीमच्या दोन सदस्यांनी तपासल्याशिवाय काही आत जात नाही, मग ती मॅन पेजमधली दोन वाक्यं का असेनात. थोडा धीर धरावा लागतो.

सुरुवात तुमच्याच कॉन्फ फाइलपासून करा. ‘टेस्टपार्म -व्ही’ (testparm -v, छोटा v) ही कमांड चालवा, न लिहिलेल्या पर्यायांचे डीफॉल्टही समोर येतील. मग रोज वापरता त्या एका पर्यायाचं मॅन पेज शब्दन् शब्द वाचा. वाचूनही करून बघितल्याशिवाय जे कळलं नाही, तिथे एक वाक्य कमी आहे. ते तुम्ही लिहा. ऑफिसात माणसं हटकून अडतात ती परवानग्यांवर, एकाची फाइल दुसऱ्याला उघडते पण सेव्ह होत नाही. तुमच्या जागी मी असते तर ‘क्रिएट मास्क’ आणि ‘फोर्स क्रिएट मोड’ हे नव्या फाइलच्या परवानग्या ठरवणारे दोन पर्याय शेजारी शेजारी उघडून बसले असते.