निळ्याआधी खिडकी बघा

प्रश्न : ताई, बोरिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे. हॉलची खिडकी पश्चिमेला, बेडरूमची उत्तरेला, आणि बेडरूमसमोर दहा-बारा फुटांवर शेजारची बिल्डिंग. दुपारी हॉल भट्टीसारखा तापतो, म्हणून दोन्ही खोल्यांना थंडगार फिका निळा द्यायचं ठरवलंय. लहानपणी काळाघोड्याचं निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहिलं होतं, तसाच काहीसा. सासूबाई दिवसभर बेडरूममध्येच असतात, त्या म्हणतात, निळ्याने घर उदास वाटेल. शेडकार्डवर तर छान दिसतोय. काय करू?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : हॉलबद्दल तुमचं बरोबर आहे आणि बेडरूमबद्दल सासूबाईंचं.

आधी बेडरूमचं बोलते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. लालबागच्या आमच्या घरात उत्तरेकडच्या खोलीला मी असाच फिका निळा दिला होता. शेड निवडली मे महिन्याच्या अखेरीस. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. वर्षभर ऊन न बघणारी ती खोली तेव्हा लख्ख होती आणि रंगही सुरेख दिसला. जून लागला, ढग दाटले, आणि भिंती पाटीसारख्या काळवंडल्या. आई तेव्हा आजारी होती, त्याच खोलीत असायची. ‘आज उजाडलंच नाही का गं?’ असं तिने दोनतीनदा विचारलं. दिवाळीची वाट न बघता मी रंग बदलला. उत्तरेचा उजेड मुळातच निळसर असतो. त्यात निळी भिंत आणि समोर बिल्डिंग, म्हणजे उबेला जागाच उरत नाही. तिथे सायीसारखा पिवळसर पांढरा द्या. निळ्याची हौस चादरीत, पडद्यात भागवा.

हॉलमध्ये मात्र निळा खुलेल. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर पिवळं होत जातं आणि निळ्याचा गारठा कमी करतं. फक्त फिरोजी घेऊ नका, पिवळ्या उजेडात तो हिरवट होतो. जांभळ्याकडे किंवा राखाडीकडे थोडासा झुकणारा निळा घ्या. सागवानी फर्निचर असेल तर त्याच्या तांबूस छटेशेजारी तो फार छान दिसतो. खोली मात्र रंगाने गार होणार नाही, डोळ्यांना गार वाटेल एवढंच. ऊन काचेतून आत येतं आणि भिंतही तापते. त्यावर उपाय म्हणजे बाहेरून बांबूच्या काड्यांचा चिक (पडदा) लावणं आणि दुपारी दोनच्या आतच पडदे ओढून घेणं.

तुम्हाला आठवतं ते सिनेगॉग म्हणजे १८८४ चं केनेसेथ एलियाहू. २०१९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला आणि तो जुना निळा गेला. पण तो रंग मोकळ्या आकाशाखाली, भर उन्हात होता. तोच चार भिंतींच्या आत आणला की भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि तो गडद होतो. म्हणून कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या.

आमच्या गिरगावच्या चाळीत वडील गणपतीआधी चुना भिजवायचे आणि त्यात कपड्यांची नीळ टाकायचे. ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन नावाचा निळा रंग; ती चुन्याच्या खारात टिकते, प्रशियन ब्लू हा दुसरा निळा टिकत नाही. ते प्रमाण इतकं कमी असायचं की भिंत पांढरीच दिसायची, फक्त जास्त स्वच्छ. माझ्या मते घरातला सगळ्यात सुंदर निळा तोच. हॉलला अगदी फिका निळा मागताना मनात तो धरा.

ट्यूबलाइटही बघून घ्या. दिव्याच्या प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात; आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात निळी भिंत दवाखान्यासारखी दिसते. ३००० ते ४००० केल्विनचे दिवे लावा, बेडरूममध्ये तर ३०००च.

पश्चिमेची भिंत पावसाचा मारा झेलते, त्यामुळे बाहेरच्या चिरा बुजवून ती पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी लावू देऊ नका. ओल राहिली तर लोणा फुटतो, म्हणजे भिंतीतला खार वर येतो, आणि त्याचे पांढरे डाग निळ्यावर लांबूनही दिसतात. पेंटर दिवाळीआधी उरकायची घाई करेल, पण भिंत ओली असेल तर सरळ डिसेंबरपर्यंत थांबा.

शेवटी, शेडकार्डावर विसंबू नका. सॅम्पलचा छोटा डबा आणा, दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर त्याचे दोन हात मारा. तो पुठ्ठा हॉलच्या प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री दिव्याखाली बघा. मग तोच बेडरूममध्ये सासूबाईंसमोर एक दिवस ठेवा, ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच. त्या खोलीत दिवस त्यांना काढायचा आहे, तिथला रंग त्यांनाच ठरवू द्या.